टोपलीच्या मधला बोल्ट

या पानांवर सहसा निवृत्त माणसं लिहितात. माझं वय बत्तीस आहे आणि भंडाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान उष्णोपचार कारखान्यात मी अजून रोज सकाळी साडेसातला हजर असते. तरी लिहिते आहे. हे निवृत्तीपर्यंत ठेवलं, तर तोवर मी ते स्वतःच्या सोयीचं करून घेईन. माणूस करतोच.

आधी घराचं सांगते, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. आम्ही अड्याळचे. थोडी धानाची शेती, ती भाऊ बघतो. बाबा शिंपी. पण गावात त्यांची ओळख शिंपी म्हणून कमी आणि पत्रकं लिहिणारे म्हणून जास्त. विडी वळणाऱ्या बायकांच्या मागण्या असोत, तलावाच्या पाण्याचं भांडण असो, मजकूर बाबांचा. पवनीच्या छापखान्यातून कच्ची प्रत यायची आणि मी त्यातल्या चुका शोधायची. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. आमच्या घरी पुस्तकं चार आणि पत्रकं पोतंभर होती. त्यामुळे जगाला दोन बाजू असतात, एक आपली आणि एक त्यांची, आणि आपली बाजू खरी असते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

धातुशास्त्राची पदविका घेऊन मी कारखान्यात आले तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत पत्रक लिहिलं. भट्टीवरच्या माणसांना हातमोजे मिळत होते ते इतके विरलेले, की चिमटा धरला तरी तळवा भाजायचा. आठ दिवसांत नवे मोजे आले. मालक देवरावजी मला म्हणाले, "बाई, तुम्ही तोंडानं सांगतलं असतं तरी आणले असते." मी म्हटलं, "तोंडानं डोमाजी काकाजींनी दोन वर्षं सांगितलं." मला फार बरं वाटलं होतं.

डोमाजी काकाजी आमचे मुख्य भट्टीवाले. आसगावचे. तीस वर्षं त्यांनी भट्टीच्या तोंडात पाहिलं होतं. मीटर काय दाखवतो ते नंतर बघायचे, आधी आतला रंग बघून सांगायचे, "साडेआठशे." मीटर आठशे चाळीस दाखवायचा. मग ते मीटरकडे असं बघायचे, जणू त्यालाच दुरुस्तीची गरज आहे.

आमचा धंदा बाहेरच्यांना कळत नाही. आम्ही काही बनवत नाही. दुसऱ्यानं बनवलेला भाग येतो, आम्ही तो तापवतो, थंड करतो आणि परत देतो. दिसायला तोच, मापाला तोच, वजनाला तोच. बदल होतो तो आत. आईला मी हे उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळावरून सांगितलं होतं. धान तेच, शेत तेच. पण भिजवून, वाफवून, वाळवून मग गिरणीत घातलं तर दाणा तुटत नाही, आणि तसंच घातलं तर कणी होते. आई म्हणाली, "मंग तू तिथं तांदूळच उसनतेस म्हण ना." तेव्हापासून घरी माझ्या नोकरीचं नाव तेच पडलं.

गिऱ्हाईकांना मात्र एकच शब्द ठाऊक असतो: कडक. एक म्हातारे शेतकरी विळा घेऊन आले होते. म्हणाले, "असा कडक करून दे पोरी, का नातवाले पुरला पाहिजे." काकाजींनी समजावलं की फार कडक केला तर मोडेल. म्हातारे ऐकेनात. शेवटी काकाजींनी दिला करून. चौथ्या दिवशी दोन तुकडे घेऊन म्हातारे हजर. काकाजी म्हणाले, "कडक होता ना?" "कडक तं होता." "मंग?" त्यावर म्हातारेच हसले. कडकपणा आणि ताकद या दोन गोष्टी आहेत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं त्या विळ्यामुळे.

आता निकेलकडे येते.

साधं पोलाद तापवून तेलात बुडवलं की कडक होतं. पण तेच पोलाद पुढे लालभडक आगीजवळ कामाला लावलं तर मऊ पडतं, हळूहळू ताणलं जातं. वीज तयार करणाऱ्या वाफेच्या चक्कीत, म्हणजे टर्बाइनमध्ये, तिच्या जाड कवचाला आवळून धरणारे बोल्ट असतात. ते वर्षानुवर्षं त्या उष्णतेत ताण सोसतात. ढिले झाले तर आतली वाफ बाहेर येते, आणि ती वाफ समोर कोण उभं आहे ते बघत नाही. म्हणून असे बोल्ट निकेलच्या मिश्रधातूचे करतात. पण नुसतं निकेल असून भागत नाही. त्याला दोन आंचा द्याव्या लागतात.

पहिली आंच मोठी, एक हजार ऐंशी अंशांची, आठ तास. तिच्यात मिश्रधातूतलं सगळं एकमेकांत विरघळतं, साखर पाकात विरघळते तसं. मग बोल्ट चटकन बाहेर काढून हवेत थंड करायचे, म्हणजे विरघळलेल्याला गोळा व्हायला वेळच मिळू नये. नंतर दुसरी आंच, धीमी, सातशेची, सोळा तास. तिच्यात अतिशय बारीक कण धातूभर सारख्या अंतरानं उगवतात. त्या कणांमुळे धातू तापल्यावरही घसरत नाही.

आमच्याकडच्या माणसाला हे रोवणीवरून लगेच कळतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, दाट आणि सारखी रोवली तर बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, गुरं जाऊ शकत नाहीत. तीच रोपं जुड्या करून चार ठिकाणी खोचली, तर रोपं तेवढीच असतात, पण मधून गुरं खुशाल चालत जातात. पहिल्या आंचेनंतर बोल्ट सावकाश थंड झाला तर नेमकं हेच होतं. कण गोळा होऊन मोठे होतात, मध्ये मोकळ्या वाटा राहतात. आणि वाईट हे, की थंड बोल्टचा कडकपणा मोजला तर तो जवळपास ठीकच दिसतो.

असे बोल्ट आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा काकाजींनी नवा सदरा घातला होता. त्या धातूचा तापलेला रंग पोलादापेक्षा स्वच्छ दिसतो असं ते म्हणायचे. मला फरक दिसत नसे. पण त्यांना दिसतो याबद्दल मला शंका नव्हती.

आमची ती भट्टी जमिनीत पुरलेली, विहिरीसारखी. बोल्टांची टोपली वरून विजेच्या उच्चालकानं सोडायची आणि उचलायची. वीज गेली तर हातानं ओढायची चेनपुली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असे. ती पुली म्हणजे आसपासच्या गावांची सामाईक वस्तू झाली होती. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, कुणाची मोटर विहिरीत बसली, की माणूस यायचा आणि काकाजी पुली द्यायचे. मालक कुरकुरायचे, त्याला "काकाजींची गावसेवा" म्हणायचे. पण बंद कुणी केलं नव्हतं. भट्टीवर आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये, अशी आमच्याकडे रीतच होती.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. माझ्या भावाचा फोन आला. "ताई, मोटर विहिरीत अटकली. पऱ्हे सुकून राहिले. चेनपुली दे ना एक दिवस." काकाजी रजेवर होते. भट्टीत निकेलचे बोल्ट उद्या चढायचे आहेत हे मला माहीत होतं. निकेलची भट्टी पेटलेली असताना पुली हलवायची नाही, हा नियम मीच पाटीवर लिहून लावला होता. मी विचार केला, उद्या सकाळी परत येईल. पुली दिली.

सकाळी पुली आली नाही. मोटर निघाली होती, पण भाऊ ती बसवण्यात गुंतला. दुपारी तीन वाजता पहिल्या आंचेचे आठ तास पुरे झाले. काकाजींनी झाकण सरकवलं, उच्चालकाचा आकडा टोपलीत अडकवला आणि लाईन गेली.

काकाजी खुंटीकडे वळले. खुंटी रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण नेली?"

मी म्हटलं, "काकाजी, आधी काय करायचं ते सांगा."

टोपलीच्या तोंडाशी तारेला एक तुकडा लटकवलेला असतो, त्याच धातूचा. त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. बोल्टांसोबत त्याला तीच आंच मिळते आणि तपासणीला बोल्ट न तोडता तो तुकडा तोडतात. पोलादाच्या कामात लाईन गेली की साक्षीदार आधी बाहेर काढायची आमची सवय.

"हा तरी वाचवू का?" काकाजींनी विचारलं.

"काढा," मी म्हटलं.

त्यांनी चिमट्यानं तो तुकडा काढून फरशीवर ठेवला. तो बघता बघता काळा पडला. अगदी जसा थंड व्हायला हवा तसा थंड झाला. खाली विहिरीत बोल्ट तसेच लाल होते. झाकण उघडं ठेवलं, पण अशा खड्ड्यातून उष्णता लवकर जात नाही. लाईन आली ती पावणेदोन तासांनी. बॅटरीवरच्या मीटरनं मी पाहिलं तेव्हा आठशे वीस होते.

दुसऱ्या दिवशी मालक आले आणि सगळ्यांसमोर काकाजींना बोलले. "सांगतलं होतं ना, ही गावसेवा एक दिवस बुडवन म्हणून? काहून देता पुली?" काकाजींनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. पुली गेली त्या दिवशी ते रजेवर होते हे मालक विसरले होते. मी विसरले नव्हते. मी हातातल्या वहीत काहीतरी लिहीत राहिले. काय लिहीत होते ते आता आठवत नाही. लिहीत होते एवढं आठवतं.

बोल्टांना साक्षीदारासकट दुसरी आंच दिली. साक्षीदार नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे अशा तुकड्याला छोट्या भट्टीत तापता ठेवून खाली वजन टांगतात आणि तो तुटेपर्यंत घड्याळ चालू ठेवतात. आमचा साक्षीदार पाच दिवस टिकला, लागत होता त्याहून जास्त. अहवाल आला, उत्तीर्ण. बोल्टांचा कडकपणाही मर्यादेत बसला. आणि भट्टीचा आलेख? तो कागद विजेवर सरकतो. लाईन गेली तेव्हा कागदही थांबला, लाईन आली तेव्हा पुढे सरकला. पावणेदोन तास त्या कागदावर नव्हतेच. वरून खाली एक सरळ उभी रेघ, जशी टोपली चटकन बाहेर काढल्यावर येते.

मालकांनी सगळे कागद माझ्यासमोर ठेवले. "सही करा. देवानं तारलं म्हणा."

"साहेब, साक्षीदार बाहेर होता. बोल्ट आत होते."

"या कागदात खोटं काय आहे ते मले दाखवा. एक अक्षर दाखवा."

मी पाहिलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

मी सही न करता घरी गेले आणि पत्रक लिहायला बसले. इतकं संतापून मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. नफ्यासाठी माणसांच्या जिवाशी खेळ, तीस वर्षं राबलेल्या कामगाराचा भरचौकात अपमान, कागदाआड लपलेलं पाप. भाषा चांगली जमली होती. शेवटी "जाहीर निषेध" लिहून मी ते बाबांना दिलं. बाबांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि कच्ची प्रत तपासतात तसं, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. "खोटं काईच नाही."

"मग उद्या पवनीला जाऊन छापून आणू?"

"यात चेनपुलीचं काहून नाही लिवलं?"

आमच्याच विहिरीवर ती पुली दोन दिवस होती. मोटर ओढताना बाबांनी स्वतः साखळी धरली होती.

"पुली भिंतीवर असती तं मालकाले हा कागद करावा लागला असता का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मंग त्याच्या कागदात पावणेदोन तास नाहीत, अन् तुह्या कागदात पुली नाही." एवढं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि मशीन चालू केलं. बाबा शिकवण देत बसणारे नाहीत. उरलेली बाही शिवली आणि जेवायला उठले.

पत्रकांत दोषी नेहमी दुसरा असतो. खाली "निमंत्रक" असतो, तो कधीच दोषी नसतो. पोतंभर पत्रकं वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सकाळी मी सरळ मालकांच्या खोलीत गेले. काकाजींनाही बोलावलं. म्हटलं, "पुली मी दिली होती. माझ्या भावाला. काकाजी रजेवर होते. तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी तिथेच होते आणि गप्प राहिले."

मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "झालं तुमचं? आता सही करा."

"टोपलीच्या मधला एक बोल्ट कापून तपासू. तो टिकला तर सही करते."

"तुमच्या सहीविना माल जात नाही असं वाटते का तुमाले? दुसऱ्याची घेईन."

गिऱ्हाईकानं एक बोल्ट जास्तीचा दिलेला होता. कापायला अडचण नव्हती. अडचण होती ती उत्तराची. तो तुटला तर गिऱ्हाईकाला कळवावं लागणार होतं, कारण त्यांच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा आंच देता येत नाही. आणि कळवलं तर हे काम जाणार. निकेलचं ते आमचं एकच काम होतं. कारखान्याची पत त्याच्यावर उभी राहायची होती.

तेव्हा काकाजी बोलले. "मालक, तीस वर्षांत मी तुमाले काही मांगितलं नाही. एक बोल्ट मांगतो."

"तुम्ही कायले मधात पडता? तुमची तं सुटका झाली ना आता?"

"माही सुटका झाली. बोल्ट तं अटकलेच हाये."

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग हात झटकून म्हणाले, "कापा बावा. कापा."

कुठला बोल्ट टोपलीत कुठे होता हे काकाजींच्या वहीत लिहिलेलं असे, डोक्यावर ठोकलेल्या आकड्यानुसार. त्यांनी अगदी मधला निवडला. आम्ही दोघं एसटीनं नागपूरला गेलो. सकाळी दहा वाजता नमुन्यावर वजन टांगलं, घड्याळ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथे गेलो. काकाजींनी घरून भाकरी आणली होती, पण खाल्ली नाही. समोर काचेआड तेवढीशी भट्टी. दिसण्यासारखं काही नव्हतं. तरी ते तिच्याकडे असे बघत होते, जणू रंग ओळखायचा आहे.

बारा वाजून काही मिनिटं झाली होती. "टक्" असा आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्यासारखा. घड्याळ थांबलं.

साक्षीदार पाच दिवस टिकला होता. हा सव्वीस तासांत गेला, लागत होता त्याच्या खूप आधी.

"गेला," काकाजी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बरं झालं, इथंच गेला."

परतताना एसटीत मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मले कायले मांगतेस? ज्याईच्यासमोर मी बोलणं खाल्लं, त्याईच्यासमोर सांग." दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर उभी राहिले. कागदावर लिहून आणलं होतं, कारण तोंडी सांगताना मी शब्द मऊ केले असते. पुली कुणी दिली, कुणाला दिली, नियम कुणी लिहिला होता, कोण गप्प राहिलं. खाली माझं पूर्ण नाव. वाचून झाल्यावर काकाजींनी कपातला चहा संपवला. "वाचलं ना? चल, भट्टी पाहू."

गिऱ्हाईकाला पत्र गेलं. मालकांनी स्वतः सही केली, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. बोल्ट गेले, दुसऱ्या मोठ्या कारखान्यात त्यांना पुन्हा दोन्ही आंचा दिल्या गेल्या असं कळलं. आमच्याकडे ते काम परत आलं नाही. माझा प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार वर्षभर काढून घेतला होता. ते योग्यच होतं. मला टोचतं ते वेगळंच. काकाजींची नोकरीची शेवटची तीन वर्षं फक्त पोलादात गेली. तो स्वच्छ रंग त्यांना पुन्हा बघायला मिळाला नाही. निरोपाच्या दिवशी नारळ-शाल घेताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "साक्षीदार टोपलीच्या तोंडाशी नोको बांधू. मधात बांध."

मधात बांधायला त्रास होतो. अर्धी टोपली रिकामी करावी लागते, तार जास्त लागते, काढताना हात भाजतो. आम्ही मधातच बांधतो. भट्टी पोलादाची असो की आणखी कशाची.

या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, दुसऱ्या एका गिऱ्हाईकाकडून निकेलचे बोल्ट आले. त्यांना मी जुनी सगळी हकीकत आधीच सांगितली होती. पहिली आंच चढायच्या दिवशी मी आसगावला जाऊन काकाजींना स्कूटरवर बसवून आणलं. गुडघे गेलेत, पण अंगात तोच नवा सदरा होता, आता जुना झालेला. दुपारी टोपली निघायची वेळ झाली. भट्टीभोवती सगळे उभे होते. मी म्हटलं, "काकाजी, या, झाकण सरकवतोय. रंग बघा."

"थांब," ते म्हणाले.

ते भट्टीकडे आले नाहीत. काठी टेकत भिंतीपर्यंत गेले. खुंटीवरच्या चेनपुलीची साखळी हातात घेतली, दोन हात खाली ओढली, आकडा फिरवून पाहिला, पुन्हा टांगली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं. आता सरकव."